गुरुजींनी लावलेली कडी

एकदा एक वकील न्यायाधीश झाला. मधल्या काळात तो मंत्रीही होऊन गेला होता. आधी काळा कोट, मग पांढरी खादी, मग पुन्हा काळा झगा. लोक गमतीने म्हणत, याचा धोबी काही उपाशी राहायचा नाही. पण एक शिरस्ता त्याने कधी मोडला नव्हता. नवे पद मिळाले की ज्यांच्या हाताखाली तो वकिली शिकला त्या वृद्ध गुरुजींच्या घरी जायचे, पाया पडायचे आणि तळहातावर दही घेऊन कामाला लागायचे.

या वेळी मात्र त्याचे पाय जड झाले होते. सोमवारी त्याच्यापुढे पहिलाच खटला उभा राहणार होता. दोन मजुरांना मोटारीखाली चिरडल्याचा आरोप एका तरुणावर होता, आणि तो तरुण गुरुजींचा एकुलता एक नातू होता. कागद वाचल्यापासून न्यायाधीश एकच कोडे सोडवत बसला होता. शिक्षा द्यावी तर गुरुद्रोह, सोडून द्यावे तर त्या मजुरांच्या बायकांचे तळतळाट. इकडे आड, तिकडे विहीर.

रविवारी दुपारी तो गुरुजींच्या दारात उतरला. ओसरीवर बसलेल्या गुरुजींनी त्याला पाहिले. ते काठी टेकत उठले, आत गेले आणि त्यांनी त्याच्या तोंडावर दार लावून कडी घातली.

न्यायाधीश घाबरून दाराशी गेला. "गुरुजी, माझं काही चुकलं का? नुसता पाया पडायला आलोय."

"खोटं बोलू नकोस," आतून आवाज आला. "मला काय हवंय, ते विचारायला आलायस तू."

न्यायाधीशाने दारावर थाप मारायला हात उचलला. आतून गुरुजी बोलतच होते.

"वकील होतास, तेव्हा अशिलाला काय हवं ते विचारायचास, ते तुझं कामच होतं. मंत्री होतास, तेव्हा लोकांना काय हवं ते विचारत दारोदार फिरलास, तेही शोभलं. आता त्या खुर्चीवरच्या माणसानं कुणाच्या दारात असं जायचं नसतं. आणि नीट ऐक, ही कडी मी तुझ्या भीतीनं घातलेली नाही, माझ्याच भीतीनं घातली आहे. आयुष्यभर तुम्हा पोरांना न्याय शिकवला, पण त्या लेकराचं तोंड डोळ्यांसमोरून हलत नाही. तू आत आलास ना, तर मी तुझे पाय धरीन रे. जा!"

शेवटचा शब्द हुंदक्यात बुडाला. गुरुजींना रडताना त्याने आजवर कधी ऐकले नव्हते. दारावर थाप मारायला उचललेला हात त्याने खाली घेतला. दार उघडले असते तर आपल्याला नाही म्हणता आले नसते, हे त्याला कळून चुकले आणि तो पहिल्यापेक्षा जास्तच घाबरला.

घरी येऊन त्याने प्रमुख न्यायाधीशांना पत्र लिहायला घेतले: हा खटला माझ्याकडून काढून घ्यावा. कारण म्हणून 'वैयक्तिक अडचण' एवढे दोन शब्द पुरले असते. रीत तशीच होती. त्यानेही आधी तेच लिहिले. मग ते खोडून लिहिले, "आरोपी माझ्या गुरूंचा नातू आहे. त्यांचे मन जाणून घ्यायला मी आज त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी मला आत घेतले नाही."

या तीन वाक्यांनी आपली खुर्ची जाऊ शकते, हे त्याला ठाऊक होते. त्याने खाली सही केली.