अबईचे पहिले पाणी

कुंभेखोल गावात शिरताना पहिल्याच कुंपणावर अबईचा वेल दिसतो. शेंगा कोयत्यासारख्या वाकड्या, हातभर लांब. पाहुणे त्यांना हात लावायला गेले, की गोदाकाकी ओट्यावरून सांगते, कोवळ्या शेंगा भाजीला खुशाल न्या, पण पिकलेले दाणे आमच्या रीतीशिवाय चुलीवर ठेवू नका. आणि ती रीत कशी पडली ते सांगायला बसते.

फार मागे, म्हणे, लागोपाठ पावसाळे कोरडे गेले. नाचणी करपली, कणग्यांचे तळ दिसले. गावात भिवरा नावाची बाई होती. तिची लेक मंजी नुकती अंगावरचे दूध सोडून खायला लागली होती आणि घरात खायलाच काही नव्हते. एक दिवस पोर रडायचीही थांबली. रडत होती तोवर बरे होते, असे भिवराला वाटू लागले.

अशात घाटावरून एक म्हातारी उतरली. ओटीत पांढरे दाणे, अंगठ्याच्या पेराएवढे. कोण, कुठली, कोणी विचारले नाही. सगळा मुलूख उपाशी असताना हिच्या ओटीत दाणे कुठून आले, एवढेच जो तो मनात म्हणाला. मंजी मात्र तिला बघून हात पसरून 'आबई, आबई' करू लागली. भिवराला ते मुळीच आवडले नाही. तिने पोर पदराआड घेतली.

म्हातारीने भिवराच्याच चुलीवर रांधून दाखवले. दाणे रात्रभर भिजवले, साली काढल्या, उकळले आणि मडके घेऊन पाणी ओतायला उठली.

"ओततेस कशाला गो?" भिवराची सासू म्हणाली. "कळण आहे ते."

"ह्याचं कळण नाय करत. पहिलं पाणी मातीला द्यायचं."

आता कुळीथ उकडलेले पाणी, म्हणजे कळण, या भागात कोणी फेकत नाही. बाळंतिणीला तेच, तापातून उठलेल्याला तेच. भिवराच्या मनात पाल चुकचुकली. कस ओतून टाकते आणि आम्हाला चोथा घालते, म्हणजे हिच्या मनात आहे तरी काय? मी ओतते म्हणून तिने मडके घेतले आणि पाणी मागच्या दारी गाडग्यात लपवून ठेवले. म्हातारीने दाणे नव्या पाण्यात पुन्हा चढवले.

भिवराने वाटीभर कळण मंजीच्या ओठांशी नेले. पण जिचा म्हातारीवर भरवसा नव्हता, तिचा त्या पाण्यावर तरी कसा बसावा? वाटी तिने आधी स्वतःच रिकामी केली आणि वाट बघत बसली. थोड्याच वेळात पोट पिळवटले, डोळ्यांपुढे अंधारी आली. उलट्या होऊन ती ओट्यावर आडवी झाली.

गाव गोळा झाले. म्हातारीने विष घातले, असे एकाने म्हटले आणि सगळ्यांनी तेच धरले. म्हातारी भिवराकडे बघत राहिली. भिवराच्या तोंडून शब्द फुटला नाही, असे सांगतात. फुटला नाही की तिने फुटू दिला नाही, यावर गावात अजून दोन मते आहेत. म्हातारीला दांडकी दाखवून वेशीबाहेर काढले आणि सासू शिजलेले दाणे मागच्या परड्यात उपडे करायला निघाली.

ते गेले तर मंजीच्या पोटात आज काहीच जाणार नव्हते. भिवरा भिंतीला धरून उठली. तिने सासूचा हात धरला.

"मला बाधलं ते पाणी. मीच लपवून ठेवलेलं. दाण्यांना हात लावू नका."

मग सगळ्यांसमोर तिने त्यातले मूठभर खाल्ले. ओट्यावरचे ऊन अंगणात उतरेपर्यंत लोक तिच्या तोंडाकडे बघत होते. काही झाले नाही. तेव्हा तिने दाणे कुस्करून मंजीला भरवले. पोरीने ते संपवले आणि आणखी हवे म्हणून भोकाड पसरले.

माणसे घाटाकडे धावली, पण म्हातारी कोणाला दिसली नाही. तिचे नाव ठाऊक नव्हते. मग भिवराच्या घरात उरलेल्या कच्च्या दाण्यांतून जो वेल आला, त्याला पोरीच्या तोंडचेच नाव राहिले; आबईची अबई झाली.

आजही कुंभेखोलात अबई शिजली, की पहिले पाणी अंगणात चारचौघांसमोर ओततात. ओतले, असे नुसते सांगून चालत नाही. शेजारीण येऊन ओल्या मातीवर पाय ठेवून बघते. मग आई पहिला घास घेते आणि हात धुऊन वाट बघत बसते. पोर कितीही रडले, तरी त्या वेळी तिला कोणी घाई करत नाही.