घर सोडून गेलेली चूल

एकदा काय झालं, एका राजाच्या मनात आलं की आपल्या राज्यात कुणी उपाशी झोपू नये. राजा भला होता बरं का. वाईट राजाच्या मनात असलं काही येत नाही. मग त्यानं राजवाड्याला लागून एक मोठा भटारखाना बांधला. दुपारी नगारा वाजायचा, संध्याकाळी नगारा वाजायचा. ज्याला यायचं त्यानं यावं, पंगतीत बसावं, पोटभर जेवावं. तू कोण, कुठला, कुणी विचारायचं नाही. साजूक तूप, बासमती भात, रोज एक गोड पदार्थ. लोक खूष झाले.

त्या गावात एक विणकर राहायचा. त्याचं नाव रखमाजी. घरात त्याची बायको तुळजा आणि लेक बकुळ. तुमच्याएवढीच होती बकुळ. रखमाजी दिवसभर मागावर बसून लुगडी विणायचा. नगारा वाजला की शेजारचा धोंडूतात्या दारातून हाक मारायचा, "चल रे रखमाजी, आज श्रीखंड आहे म्हणे." मग रखमाजी हातातला धोटा खाली ठेवायचा आणि जायचा.

तुळजा नाही गेली कधी. ती म्हणायची, "घरात चूल आहे. ती थंड ठेवून मी दुसऱ्याच्या पंगतीला कशाला बसू?" तिची चूल म्हणजे काय, तर तीन दगड. तिनं स्वतः नदीवरून निवडून आणलेले, मातीनं लिंपलेले. ती रोज चूल पेटवायची, भाकरी थापायची, पिठलं करायची, आणि वाट बघायची. त्या काळी बायका नवऱ्याच्या आधी जेवायच्या नाहीत.

मग रखमाजी यायचा, तृप्त होऊन, ढेकर देत.

एकदा ती म्हणाली, "अहो, वांग्याचं भरीत केलंय. घासभर घ्या." तो म्हणाला, "पोटाला तडस लागलीय. उद्या घेईन."

दुसऱ्यांदा ती म्हणाली, "तुमच्या आईसारखी आमटी जमलीय आज. निदान चव तरी बघा." तो म्हणाला, "उद्या नक्की."

तिसऱ्यांदा ती नुसतं म्हणाली, "बसता का?" तो म्हणाला, "माझं झालंय. तू घे जेवून." ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. आणि मग एका पावसाळ्याअखेरीस तुळजाला ताप आला, आणि ती गेली.

नाही, रडायचं नाही. गोष्ट पुढे आहे. पाय आत घे बाळ, पांघरूण ओढ.

मग घर सुनं झालं. रखमाजी बकुळचा हात धरून तिला भटारखान्यात न्यायला लागला. बकुळ पंगतीत बसायची, पानाकडे बघायची आणि उठायची. एक घास खायची नाही. वाढपी म्हणायचे, "पोर लाडावलीय." रखमाजीला वाटायचं, भूक लागली की खाईल.

इकडे घरात चूल थंड पडली. चूल पेटत नाही त्या घरात तिनं करायचं काय? एके दिवशी चुलीतला एक दगड उठला आणि चालू लागला. दुसऱ्या दिवशी दुसरा गेला. मग तिसरा गेला. रखमाजीच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. तो त्या कोपऱ्यात जायचाच कशाला?

त्याच्या लक्षात आलं ते भलतंच. एका सकाळी तो बकुळला उठवायला गेला तर ती अंथरुणाच्या वीतभर वर. झोपलेली, पण अधांतरी. पोर कापसासारखी हलकी झाली होती. त्यानं हात धरून खाली ओढली, हात सोडला, की परत वर. संध्याकाळपर्यंत ती आढ्याला जाऊन टेकली.

आता त्या घराला चुलीच्या वर, कौलांमध्ये एक भोक ठेवलेलं होतं. धूर बाहेर जायला. त्याला धुराडं म्हणतात. बकुळ सरकत सरकत त्या धुराड्यापाशी जायची आणि आभाळाकडे बघत बसायची. रखमाजी घाबरला. त्यानं निळं सूत घेतलं, चांगलं पीळ देऊन त्याची दोरी केली. एक टोक पोरीच्या कमरेला बांधलं, दुसरं मागाच्या खांबाला.

"बकुळे, खाली ये ना."

"खाली काय आहे?" बकुळ म्हणाली.

त्यानं आजूबाजूला बघितलं. तेव्हा कुठे त्याला दिसलं की चूल नाहीये. नुसती तीन काळी वर्तुळं.

"आपली चूल कुठे गेली?"

"गेली निघून. मला इथनं दिसते. एक दगड नदीवर आहे, घाटाच्या शेवटच्या पायरीपाशी. एक रानात आहे, पळसाखाली. आणि एक…" ती थांबली. "तो मग सांगते. आधी ते दोन आणा."

मग रखमाजी नदीवर गेला. तिथं तुळजा भांडी घासायची. दगड पाण्यात पाय सोडून बसला होता. रखमाजीनं उचलायला हात घातला, तर तो जागचा हलेना. दगड म्हणाला, "एवढं सांग आणि घेऊन जा. तुझ्या घरात मीठ कुठे असतं?"

आता काय सांगणार? पंधरा वर्षं त्या घरात राहिला, आणि मीठ कुठे असतं ते माहीत नाही. मग तो घरी परत आला आणि शोधायला लागला. एका गाडग्यात डाळ निघाली. एका पुरचुंडीत मेथ्या निघाल्या, दुसऱ्या पुरचुंडीत वाळवलेली आमसुलं. वर लटकणाऱ्या शिंक्यात ताकाचं रिकामं मडकं होतं. प्रत्येक गोष्ट झाकलेली, बांधलेली, तिच्या हातची गाठ तशीच. त्याला एकेक गाठ सोडवत नव्हती. शेवटी चुलीच्या जागेमागच्या कोनाड्यात, करवंटीखाली, मीठ सापडलं. मग तो पळत नदीवर गेला आणि सांगितलं. दगड फुलासारखा हलका झाला.

मग तो रानात गेला. तुळजा तिथून सरपण आणायची. पळसाखाली दुसरा दगड होता. तो म्हणाला, "तुझ्या बायकोला काय खायला आवडायचं?"

रखमाजी म्हणाला, "श्रीखंड." पण ते त्याला आवडायचं. दगड जागचा हलला नाही.

मग तो परत आला. मान वर करून विचारलं, "बकुळे, आईला काय आवडायचं गं?"

"पिठल्याची खरवड," बकुळ म्हणाली. "कढईच्या बुडाला लागते ना, ती. तुम्ही भटारखान्यातून जेवून यायचात ना, मग आई पिठलं झाकून ठेवायची. सकाळी गाईला घालायची. पण खरवड आम्ही दोघी खायचो. उलथन्यानं खरवडून. ती म्हणायची, ही आपल्या दोघींची."

"मग ती जेवायची कधी?"

बकुळ आभाळाकडे बघायला लागली. "तुम्ही घरी जेवला नाहीत, तर ती कशी जेवणार?"

रखमाजी उलट पावली रानात गेला. खरवड म्हणून सांगितलं आणि दुसरा दगड घेऊन आला.

"आता तिसरा सांग," तो म्हणाला.

"तिसरा भटारखान्याच्या दारात आहे. चपला काढतात तिथे."

म्हणजे बघा, रोज तो त्या दगडाला ओलांडून जेवायला जात होता. रखमाजी तिथे पोचला तेव्हा नगारा वाजत होता. माणसं आत जात होती. धोंडूतात्या म्हणाला, "अरे, बाहेर का बसलास? आज पुरणपोळी आहे." रखमाजी म्हणाला, "तू हो पुढे, तात्या."

तिसऱ्या दगडानं विचारलं, "तुम्ही दोघं समोरासमोर बसून शेवटचं कधी जेवलात?"

रखमाजी आठवायला लागला. दिवाळी आठवली. तेव्हा ती वाढत होती. संक्रांत आठवली. तेव्हाही वाढत होती. बकुळचं बारसं आठवलं, तर तेव्हा ती पाहुण्यांमागे होती. तो आठवत आठवत मागे गेला, पार मागे गेला. आत पंगत बसली, पंगत उठली, दुसरी बसली.

मग तो हळूच म्हणाला, "लग्नात. बायकांनी आग्रह केला, तेव्हा आम्ही एकमेकांना जिलबीचा घास भरवला होता. तिनं लाजून अर्धाच खाल्ला. त्यानंतर नाही."

दगड हलका झाला. रखमाजीनं त्याला उचलून उराशी धरला आणि घरी आणला.

मग त्यानं माती भिजवली, तीन दगड मांडले, लिंपले, चूल केली. पण पेटवता कुठे येत होती? हाताला आलेलं सरपण भिजलेलं. फुंकून फुंकून त्याचे डोळे लाल झाले, आणि घरभर धूर झाला. धूर वर गेला, आणि वर होती बकुळ. ती खोकायला लागली.

"बाबा, ओली लाकडं कुणी लावतं का? ती मागची घ्या. तुरीच्या वाळक्या तुरखाट्या घ्या आधी." असं म्हणत ती दोरीला धरून हातभर खाली उतरली. धुरासाठी हो, दुसऱ्या कशासाठी नाही.

मग त्यानं पिठलं केलं. गुठळ्या झाल्या. भाकरी केली, ती तव्यावर उलटताना मोडली. आणि मीठ, जे एवढं शोधलं, तेच घालायचं विसरला. त्यानं दोन ताटल्या घेतल्या, पण जेवायला खाली बसला नाही. तो पाटावर उभा राहिला आणि एक घास वर केला. बकुळनं तोंड वाकडं केलं, घास घेतला. म्हणाली, "अळणी आहे." आणि मग म्हणाली, "अजून द्या."

दुसऱ्या दिवशी रखमाजीनं परत चूल पेटवली. मग रोजच. हात भाजला, भात करपला, आमटी पांचट झाली, पण तो रोज दोन वेळा चुलीपाशी बसायचा आणि दोघं समोरासमोर जेवायचे. बकुळ रोज जराशी खाली यायची. आढ्यावरून शिंक्यापर्यंत आली. शिंक्यावरून मागापर्यंत आली. लोक हसायचे. धोंडूतात्या म्हणायचा, "राजाची पक्वान्नं सोडून चूल फुंकतोस? तुला काय बायको व्हायचंय?" रखमाजी म्हणायचा, "भात उतरवायचाय तात्या, नंतर बोलू."

पण सवय अशी एका झटक्यात लागत नाही बरं का. एका दिवशी लुगडं राजवाड्यात पोचवायचं होतं. तिथं नगारा वाजला, तुपाचा वास आला, सगळ्यांनी हाताला धरून बसवलं. त्याला वाटलं, आज एकच दिवस. जेवला. तुळजाला म्हणायचा तसंच मनात म्हणाला, बकुळसाठी उद्या करू.

घरी आला तर निळी दोरी तुटलेली. खांबाला नुसतं टोक लोंबत होतं. बकुळ धुराड्याच्या बाहेर कमरेपर्यंत गेली होती आणि दोन बोटांनी कौल धरून होती.

रखमाजी ओरडला नाही. ओरडला असता तर ती घाबरली असती, बोटं सुटली असती. त्यानं तुरखाट्या लावल्या, जाळ केला. कढई ठेवली. फोडणी दिली, बेसन घोटलं, आणि ते झाल्यावरही कढई उतरवली नाही. तशीच मंद आचेवर ठेवली. बुडाला लागू दिलं. लागल्याचा खमंग वास वर गेला, धुराड्यापर्यंत.

वरून आवाज आला, "बाबा, खरवड?"

"हो. आपल्या दोघांची."

"तुम्ही तर जेवून आलात."

"आलो," रखमाजी म्हणाला. "चूक झाली. पण बसतो मी. तू खाली येईपर्यंत बसतो."

मग एक पाय आत आला. मग दुसरा. ती तरंगत खाली आली आणि त्याच्या समोर, पाटाच्या बोटभर वर बसली. त्यानं उलथन्यानं खरवड काढून तिला दिली. त्याच्या पोटात जागा नव्हती, तरी त्यानं खाल्ली. त्याला पहिल्यांदा कळलं खरवडीची चव कशी असते ते. आणि ज्या बाईला हे सांगायचं, ती नव्हती.

काय रे? आई परत आली का? नाही बाळ. गोष्टीत दगड चालतात, पोरी उडतात, पण गेलेलं माणूस येत नाही. रखमाजीला मनातून वाटायचं, आत्ता ती मागच्या दारातून येईल आणि म्हणेल, बसता का. तो रोज बसला. तिच्यासाठी उशीर झाला होता, म्हणून बकुळसाठी वेळेवर बसला.

आणि मग एका सकाळी, तो भाकरी थापत होता, तर मागून पाण्याची कळशी ठेवल्याचा आवाज आला. बघतो तर बकुळ दारात उभी. दोन्ही पाय जमिनीवर, ओल्या पावलांचे ठसे दारापासून चुलीपर्यंत उमटलेले. ती म्हणाली, "सरका बाबा, तुमची भाकरी बघवत नाही."

पुढे बकुळ मोठी झाली, तिचं लग्न झालं, रखमाजीच्या मिशा पांढऱ्या झाल्या. राजाचा नगारा वाजत राहिला, ज्यांना गरज होती ते जेवत राहिले. आणि त्या घरातली माणसं रोज एकमेकांसमोर बसून आपल्या हातचं खाऊन सुखानं राहिली.

झाली गोष्ट. आता कूस बदला, डोळे मिटा. सकाळी उठल्यावर सगळे मिळून न्याहारी करू.