शेजारची दोन विमानं

फार पूर्वी एक युद्ध झालं. त्यातलं आपलं एक विमान आणि शत्रूचं पकडलेलं एक विमान संग्रहालयात शेजारी-शेजारी ठेवली होती. आपलं विमान रोज हिणवी, "तू हरलंस!"

एकदा वृद्ध मृणालिनीबाई आल्या. त्यांच्या जखमी नवऱ्याने युद्धात आपलं तेच विमान सुखरूप उतरवून आतच प्राण सोडला होता.

पंखावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तू तेवढं परत आलंस."

मग त्यांनी शत्रूच्या विमानालाही हात लावला. "तुझ्या माणसाचीही कुणी वाट पाहिली असेल रे."

त्या गेल्यावर आपल्या विमानाने हळूच विचारलं, "तुझा वैमानिक केवढा होता?"

"पंचवीस वर्षांचा. तुझा?"

"त्याहून लहान."