सापाने आखलेली हद्द

जनावरांनाही निवडणुकीची हौस होती, त्या काळची गोष्ट. जांभूळवनात कोल्हा तीनदा आमदारकीला उभा राहिला आणि तीनदा पडला, कारण तळ्याकाठचे ससे त्याला पुरते ओळखून होते. पण दोष आपल्यात असणं कोल्ह्याच्या घराण्यातच नव्हतं. दोष मतदारसंघाच्या हद्दीत निघाला.

नवी हद्द आखायला त्याने साप सुचवला. "त्याला हातच नाहीत, लाच घेणार कशात?" हे ऐकून सगळे निर्धास्त झाले. साप सरपटत निघाला, सशांची बिळं दिसतील तिथे वळला, आणि मागे उमटलेली रेघ ही हद्द ठरली. ससे तीन मतदारसंघांत वाटले गेले. तळ्याचे दोन तुकडे झाले. म्हाताऱ्या तानू कासवीला तर जागची न हलता आपण परमुलखात गेल्याचं कळलं. कोल्हा थाटात निवडून आला.

उन्हाळ्यात तळं गाळाने भरलं. तानू पाय ओढत कोल्ह्याकडे गेली. "साहेब, गाळ तेवढा काढून द्या."

"आजी, तुम्ही आता माझ्या हद्दीत नाही. तुमच्या आमदाराला सांगा."

पुढे तोच कोल्हा आपल्या बाजूने पाणी प्यायला उतरला आणि पोटापर्यंत गाळात रुतला. "आजी, धावा! सशांना हाका मारा!"

तानूने काठावरची रेघ नीट निरखली. "साहेब, तुम्ही रुतलात ती बाजू आमच्या हद्दीत नाही हो. तुमच्या आमदाराला सांगा."

"अहो, मीच आमदार!"

"अगंबाई! मग काळजी कसली?" असं म्हणून तानूने मान कवचात ओढून घेतली.