होडीतले महाराज

भाविकहो, मालवणाच्या खाली मांडवेबंदर नावाचे लहानसे गाव आहे. अच्युतगिरी महाराज तिथे वाळूत बांधलेल्या झोपडीत राहत. गावात कोण एकटा जेवतो, हे महाराजांना न सांगता कळायचे. मग भाकरी घेऊन ते त्याच्या ओटीवर जाऊन बसत.

असाच एक जण होता धाकू खारवी. त्याचे गलबत वादळात फुटले, सगळे बुडाले, हा एकटाच वाचला. वाचला हाच त्याचा गुन्हा ठरला! पांढऱ्या पायाचा म्हणून कोणी त्याला शिवेना, कामाला घेईना. बायको आधीच गेली होती. दिवसभरात त्याच्याशी बोलणारे महाराज तेवढे उरले.

त्या वर्षी भानजी तांडेलाने आपल्या गलबतावर नवा होका बसवला. होका म्हणजे दिशा दाखवणारे यंत्र. भानजी त्या पितळी पेटीला इतका जपायचा की तिच्याजवळ कोणाला कोयतीसुद्धा आणू देत नसे. लोखंडाने काटा ओढला जातो, हे त्याला पक्के ठाऊक होते. मंगळूरहून कौले भरून मुंबईला न्यायची होती आणि एक खलाशी कमी पडत होता.

महाराज म्हणाले, “भानजी, धाकूला घे. तो नाम घेतो, तुमच्या कामी येईल.”

भानजी हसला. “म्हाराजांनु, गलबत होक्यार चलता, नामार नाय!” पण माणूस हवाच होता, म्हणून त्याने धाकूला घेतले.

गलबतावर धाकू नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एकटाच बसे. खलाशी त्याची थाळी वल्ह्याने पुढे सरकवीत. तो खाली मान घालून जेवी आणि महाराजांचे नाव घेई. पाहून वाईट वाटावे असे ते जिणे होते.

मंगळूर सोडल्यावर धुके पडले. किनारा, सूर्य, तारे काहीच दिसेना. भानजी होक्यावर भरवसा ठेवून सुकाणू धरून बसला. उत्तरेला जायचे, किनारा उजव्या हाताला ठेवायचा, इतका साधा हिशेब. पण दिवसांमागून दिवस गेले तरी माडाचा शेंडा दिसला नाही. गलबत भर समुद्रात शिरत चालले होते. पिण्याचे पाणी तळाला गेले, आणि सगळ्यांच्या नजरा धाकूकडे वळल्या.

“तुझ्या पायान ह्यां झाला,” भानजी म्हणाला. “होडीत उतर.”

धाकूने विरोध केला नाही. “जातंय,” तो म्हणाला. “घराक गेलात की म्हाराजांका इतक्याच सांगा, धाकू भांडलो नाय.”

गलबताची लहान होडी पाण्यात उतरवली, धाकू तीत बसताच वरून दोर सोडला. दोन वल्ही आणि तो, एवढेच त्या पांढऱ्या धुक्यात उरले. गलबत दिसेनासे झाले, मग त्याचा आवाजही विरला. धाकू पुष्कळ वेळ नाम घेत राहिला. शेवटी त्याच्याने राहवेना. तो मोठ्याने ओरडला, “म्हाराज, माका बोलूक कोणच नाय!”

तेवढ्यात होडी मागच्या बाजूने कलली, माणूस बसल्यावर कलते तशी. पाहतो तर महाराज समोर बसलेले!

“धाकू, वल्ही घे.”

“खंय जावचा, म्हाराज?”

“ते तुला कशाला? माझ्याकडे बघत ओढ.”

वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो. धाकूला पुढचे काही दिसत नव्हते, दिसत होते ते महाराजांचे तोंड. तो ओढत राहिला. अखेर होडी लाकडावर आपटली. वळून पाहिले तर तेच गलबत!

धाकूच्या डोळ्यांत पाणी आले. “हय कित्याक आणलात? हेनीच माका सोडल्यानी.”

महाराज म्हणाले, “ते तुझ्याहून एकटे पडलेत रे. भानजीला सांग, होक्याखाली ठोकलेली नाल काढ.”

धाकूने खालूनच निरोप ओरडून सांगितला. भानजीचा चेहरा उतरला. नव्या होक्याला धाकूची दृष्ट लागू नये म्हणून, मंगळूरला सगळे बंदरावर जेवायला गेले असताना, त्याने पेटीच्या तळाशी घोड्याची नाल ठोकली होती. नाल म्हणजे त्याच्या लेखी लोखंड नव्हतेच, रक्षण होते!

“तुका कोणी सांगितल्यान?”

“म्हाराजांनी. हे बघा ना...” धाकूने मागे पाहिले. होडीत कोणी नव्हते.

भानजीने नाल उपटली. काटा गर्रकन फिरला आणि स्थिरावला. इतके दिवस ते पश्चिमेला चालले होते! धाकूला वर घेतले, शीड फिरवले, आणि पाणी संपायच्या आत उजवीकडे माड दिसले.

मांडवेबंदराला गलबत लागताच भानजी धावत झोपडीशी आला आणि महाराजांच्या पायांवर लोळण घेणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले.

“मला कुठे सोडलेस तू? ज्याला सोडलेस, त्याच्याकडे जा.”

सगळे बंदर पाहत होते; धाकूही मागे येऊन उभा होता. भानजी वळला, वाळूत गुडघे टेकले आणि धाकूच्या पायांवर डोके ठेवले. धाकू दचकून मागे सरला. आपल्याला शिवू देऊ नये, ही सवयच लागली होती त्याला. पण भानजीने त्याचे पाय घट्ट धरले होते. महाराजांखेरीज दुसऱ्या कोणाचा हात आपल्या अंगाला लागला आहे, हे कळायला धाकूला थोडा वेळ लागला. आणि कळले तेव्हा तो त्याच्या शेजारी वाळूत बसून लहान मुलासारखा रडू लागला.