शेवटच्या पानावरचं मीठ

“मग आता वेगळा वर्ग कशाला, बुवा?”

हे गडदे हेडसर. मठात आले ते शाळेच्या खोलीची किल्ली परत मागायला. शाळा भरायच्या आधी तासभर वस्तीतली प्रमिला तिथं वस्तीच्याच पोरांना शिकवायची. बुवांनी शब्द टाकला म्हणून सरांनी किल्ली दिलेली. शिष्य ना बुवांचे!

“माझ्या वडलांच्या वेळी ही पोरं पडवीत बसायची, खिडकीतून फळा बघायची. कबूल. आता सगळी एकाच सतरंजीवर. तरी मागं पडतात, तर त्यांचं ते बघतील!”

प्रमिला तिथंच होती. तिनं किल्ली बुवांपुढं ठेवली.

बुवांनी ती उचलून सरांच्या हातात दिली.

“जेवून जा, मास्तर. सप्ताहाची पंगत आहे.”

सरांना बसवलं अगदी शेवटच्या पानावर. किल्ली पानाशेजारी. वाढपी मी. चौथीत दोनदा बसलेला माणूस, पण बुंदीची परात माझ्याशिवाय हलत नाही. बुवांनी माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला. मला तेवढं पुरे.

मीठ आणि लिंबाची फोड शेवटपर्यंत नेली. मग बुंदी निघाली. निम्म्यात पोचतोय तोच पहिल्या पानावरून सरपंचांची हाक, “अरे, इकडं फिरव की पुन्हा!”

फिरवली. थोरामोठ्यांना नाही कसं म्हणायचं? परत निघालो, तर पाटलांनी पान पुढं केलं. भाताचं तेच, आमटीचं तेच. त्या टोकाला ढेकरा सुरू झाल्या. या टोकाला सर लिंबाची फोड बोटानं फिरवत बसलेले.

“बुवा, माझ्या पानात अजून नुसतं मीठच आहे!”

“पंगत एकच आहे ना, मास्तर?”

“एकच आहे हो! पण हा गडी दर खेपेला तिकडूनच सुरू करतोय, आणि…”

सरांची नजर पानाशेजारच्या किल्लीवर गेली.

बुवा लिंबाच्या फोडीकडं बघत होते…

सरांच्या मिशीत हसू फुटलं. त्यांनी किल्ली उचलली, प्रमिलाच्या हातात दिली.

“उद्यापासून खडू शाळेतलाच घे गं.”

मी बुंदीची परात घेऊन उभाच.

बुवा मला म्हणाले, “आता या टोकाकडून वाढ. सरपंच रागावले तर सांग, पंगत एकच आहे.”