कापसाचा बोळा

एकदा एक वृद्ध वैद्य होते. वनस्पतींपासून औषधे काढण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. प्रयोगशाळेत आले की ते आधी पिंजऱ्यांपाशी जाऊन उंदरांची विचारपूस करीत. हसू नका, खरोखरच करीत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशातला.

त्याने एका मुळीपासून वेदनाशामक अर्क काढला. प्रयोगासाठी जिचा पाय सुजवला होता, अशा एका उंदरीला तो पाजला आणि दुखऱ्या पंजाला मऊ कुंचला लावून पाहिला. एरवी कुंचला लागताच ती पाय आखडून घेई. आता घेईना. शिष्य हरखला. वार्ता पसरायला कितीसा वेळ लागतो? एक व्यापारी धावतच आला. त्याची म्हातारी आई संधिवाताने अंथरुणाला खिळली होती, अहोरात्र कण्हत होती. औषध आजच द्या म्हणून तो हटून बसला, आणि शिष्याने कुपी भरायलाही घेतली.

गुरूंनी सगळे ऐकले. त्यांनी कापसाचा एक बोळा त्या उंदरीच्या पिंजऱ्यात टाकला, एक शेजारच्या धडधाकट उंदरीपुढे. मग खुर्ची ओढून चहा मागवला. व्यापाऱ्याला वाटले, म्हाताऱ्याची बुद्धी नाठी झाली. शिष्य मनातल्या मनात चरफडला.

चहा होईतो धडधाकट उंदरीने कापूस पिंजून घरटे केले आणि आत शिरून बसली. औषध घेतलेली मात्र जागची हलली नाही. पाठ कुबडलेली, केस पिंजारलेले, डोळे किलकिले.

गुरू म्हणाले, "कापूस दिसला की उंदीर घर बांधतो. दुखत असलं की त्याला घर सुचत नाही. तुझ्या औषधानं हिची वेदना नाही गेली, पाय आखडून घेण्याची शक्ती गेली. ती सोसतेच आहे, फक्त आता सांगू शकत नाही. बाबा रे, उत्तर मिळावं म्हणून आपण तिला दुखवलं. निदान ते उत्तर तरी पुरतं ऐक."

शिष्याने कुपी खाली ठेवली. त्याला मनापासून लाज वाटली.

व्यापाऱ्याला राहवेना. "पण आईचं कण्हणं तर थांबेल ना?"

"कण्हणं थांबेल," शिष्य म्हणाला. "दुखणं नाही थांबणार."

आपण काय मागत होतो हे व्यापाऱ्याला आता कळले, आणि त्याचे डोळे भरून आले.

गुरूंनी आपले जुने, पारखलेले औषध काढले. शिष्याला त्यातला थेंब आधी त्या दुखऱ्या उंदरीला पाजायला लावला, उरलेले व्यापाऱ्याच्या हाती दिले. गुण आला हे कसे ओळखायचे, असे त्याने विचारले. गुरूंनी उलट विचारले, आई धडधाकट असताना रिकाम्या वेळी काय करीत असे?

"वाती वळायची. देवाच्या."

"मग उशाशी कापूस ठेवा."

व्यापारी पुन्हा काही विचारायला आला नाही. पुढे एके दिवशी त्याने प्रयोगशाळेत वातींची एक जुडी पाठवली. वाती जरा वाकड्यातिकड्या होत्या. शिष्याने ती जुडी पिंजऱ्यांवरच्या फळीवर, येता-जाता दिसेल अशी ठेवली.